पणजोबांचं पदक आटवण्याआधी

बऱ्याच जुन्या घरांत पेटीच्या तळाला शेतकी प्रदर्शनाचं एखादं पदक निघतं. कशाला मिळालं ते सांगणारं माणूस मात्र राहिलेलं नसतं. आमच्या भावकीतलं असंच एक सोनाराकडं आटवलं. चांदीचे पैसे आले, पण ते बैलाला मिळालं होतं की बियाण्याला, हे कायमचं गेलं.

पदकावर साल नसलं तर मुखवटा बघा. व्हिक्टोरिया राणी असेल तर बहुतेक १९०१ च्या आधीचं. सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, त्यानंतर सहावा जॉर्ज. चार सिंहांची राजमुद्रा असेल तर स्वातंत्र्यानंतरचं. कडेवर भिंग धरा, कधीकधी नाव तिथंच कोरलेलं असतं.

मग कागद शोधायचा. तुमचं गाव इंग्रजी मुलखात होतं की संस्थानात, ते आधी ठरवा. मुलखातलं असेल तर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे वार्षिक अहवाल आणि 'केसरी'चे जुने अंक चाळा. करवीर संस्थानातलं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जा. कागद मोडीत असतील, वाचणारा जाणकार सोबत न्या.

घरात 'कृषिपंडित' किताब असेल तर तो स्वातंत्र्यानंतरच्या पीकस्पर्धेचा. तिथं एकरी उतारा बघायचे. म्हणजे कागद सापडला तर पीक आणि उतारा दोन्ही कळण्याची आशा आहे. आपल्याच शिवाराचा तो जुना हिशेब, आजच्या उताऱ्याशेजारी मांडून बघता येईल.

पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.