धर्मादायाच्या चोपड्यापासून आयकराच्या पावतीपर्यंत

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या जुन्या वह्या उलगडल्या की देणगीदारांची नावे आपण आदराने वाचतो. ती रक्कम कोणत्या रूढीने वा कोणत्या कायद्याच्या आधाराने संस्थेपर्यंत पोहोचली, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वऱ्हाडातील व्यापारी समाजाच्या दानाचा इतिहास जाणून घ्यायचा तर तेच पाहिले पाहिजे.

1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला आणि खामगावचा कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्या काळी देशभरच्या बाजारपेठांत सौदा झाला की अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला धर्मादायाची बारीकशी रक्कम कापली जाण्याची रूढी होती. पेढीच्या चोपड्यात तिचे खाते निराळे असे. गोशाळा, पांजरापोळ, धर्मशाळा, पाणपोई यांना त्यातूनच आधार मिळे.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ही रक्कम पुष्कळदा शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेली असे आणि पुण्य मात्र पेढीच्या नावे जमा होई. 1928 च्या शाही कृषी आयोगाने बाजारातील अशा कपातींची दखल घेतली, ती उगीच नव्हे.

कायद्याला हा शब्द प्रथम पेलला नाही. नुसत्या ‘धर्मा’साठी ठेवलेले दान संदिग्ध म्हणून प्रिव्ही कौन्सिलने 1899 मध्ये अवैध ठरविले होते. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने ही अडचण दूर केली. धर्म, धर्मादाय, पुण्यदान असे मोघम उद्दिष्ट असले तरी केवळ तेवढ्यावरून न्यास रद्द होणार नाही, असे त्यात म्हटले गेले. शिवाय कलम 54 प्रमाणे धर्मादाय गोळा करणारा व्यापारी त्या रकमेचा मालक नसून विश्वस्त ठरला, आणि त्याचा वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयास देणे त्याच्यावर बंधनकारक झाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा येथेही लागू झाला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असा धर्मादाय व्यापाऱ्याचे उत्पन्न मानण्यास नकार दिला. तो निकाल 1979 च्या निवाडेसंग्रहांत आहे.

स्वतःच्या उत्पन्नातून दिलेल्या देणगीवरील करसवलत ही याहून वेगळी बाब. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच आयकर कायद्यात तिची तरतूद झाली, 1961 च्या कायद्यात ती कलम 88 मध्ये आली आणि 1 एप्रिल 1968 पासून सुपरिचित 80 जी अवतरले. ‘अर्धी देणगी परत मिळते’ हा समज चुकीचा आहे. 10,000 रुपये दिले तर साधारणतः 5,000 रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात, आणि 30 टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यातून 1,500 रुपये वाचतात. सवलतीस उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा असते, ती वेगळीच.

आपल्या संस्थांपुढे खरा पेच निर्माण झाला तो अटींमुळे. संस्था एका विशिष्ट धर्मसमाजाच्या किंवा जातीच्या हितासाठी नसावी आणि तिचा हेतू सर्वस्वी धार्मिक नसावा. धार्मिक खर्चाला 2000 पासून मुभा मिळाली, तीही उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच. म्हणजे देरासरासाठी दिलेल्या देणगीला (शासनाने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक मंदिरांच्या दुरुस्तीचा अपवाद सोडता) सवलत नाही. दवाखान्याला आहे, परंतु त्याचे दार सर्वांना खुले हवे. काहींना ही अट परकी वाटली. मला तसे वाटत नाही. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही आपली चार दाने. कायद्यातील ‘धर्मादाय हेतू’ची व्याख्याही गरिबांचे साहाय्य, वैद्यकीय मदत आणि शिक्षण अशीच चालते, जीवदयेला तीत सार्वजनिक उपयोगाच्या कार्यात स्थान मिळते. देवद्रव्य, साधारण आणि जीवदया ही खाती एकमेकांत मिसळू न देण्याची शिस्त तर आयकर खात्याने आपल्याला शिकविलेली नव्हे.

2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले. यंत्रे संघटनेने पुरविली आणि इंधनाचा भार शासनाने उचलला. तो गाळ शेतकऱ्यांच्या शेतांत पडला. ज्याच्या पट्टीतून एकेकाळी धर्मादाय कापला जाई, त्याच्याच शेतात.

आता मात्र चित्र पालटले आहे. 2,000 रुपयांवरील रोख देणगीला 2017 पासून सवलत उरली नाही. पुढे संस्थांना दर काही वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि देणगीदारांचे वार्षिक विवरण बंधनकारक झाले. 2023-24 पासून जी नवी करप्रणाली मूळ प्रणाली म्हणून धरली जाते, तीत वैयक्तिक करदात्याला ही वजावट मुळीच मिळत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या 2025 च्या आयकर कायद्यात तर 80 जी हा क्रमांकही राहिला नाही. नवी प्रणाली स्वीकारलेल्या व्यापाऱ्याच्या हिशेबातून ते 1,500 रुपये गळाले. 10,000 तेवढे उरले. देणगी मागायला जाताना विश्वस्तांनी आता कोणते कारण सांगावे, हा प्रश्न खामगावच्या बाजारात धर्मादायाचे खाते लिहिणाऱ्या मुनिमाला कधी पडला नसेल.