भंडाऱ्याची पितळी भांडी आणि वैनगंगा

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन वैनगंगेकाठचा हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली गेला, अंमलदार बदलले, दस्तूर बदलले, तरी पितळी भांड्यांसाठी असलेली भंडाऱ्याची कीर्ती अबाधित राहिली. तांबे व जस्त मुशीत एकत्र वितळवून सिद्ध केलेल्या धातूचा ठोकून घडविलेला हंडा एका पिढीकडून दुसरीकडे जाई. आणि तो चेपला, फुटला, निकामी झाला, तरी उकिरड्यावर न पडता कासाराच्या तराजूत मोड म्हणून चढे, त्याचे वजनी मोल वजा होऊन नवे भांडे घरी येई व जुना धातू पुन्हा भट्टीत शिरे. टाकाऊ असे या व्यवहारात काही उरतच नसे, आणि हेच मी या धंद्याचे खरे वैभव मानतो.

पुढे स्टेनलेस स्टील व प्लास्टिक आले. स्टीलला मोडीचे मोल राहिले. पातळ पिशवीला तेही नाही. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेस मिळते, आणि त्या प्रवाहातील जे काही पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणात अडत नाही, त्याला प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरापर्यंतचा मार्ग मोकळा आहे. म्हणूनच, जीवाणूंच्या जनुकांत फेरफार करून समुद्रातील प्लास्टिकचा बंदोबस्त करण्याचा जो प्रकल्प लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये हाती घेतला, तो भंडाऱ्यास परका नव्हे. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी पीईटी प्लास्टिकवर उपजीविका करणारा, साकाई शहरी सापडलेला जीवाणू जगापुढे आणला. त्याची विकरे बाटलीचे मूळ घटक सुटे करतात. मात्र पिशवीच्या पॉलिथिनवर ती चालत नाहीत. ती पिशवी कन्हानात उतरण्यापूर्वीच अडविली पाहिजे.