फुलं गळलेलं ऑर्किड टाकू नका



गृहप्रवेशाला, वाढदिवसाला हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी भेट येते. मला हा बदल आवडला. गुच्छातली फुलं चार दिवसांत कचऱ्यात जातात, कुंडीतलं फूल दोन-अडीच महिने रोपावरच राहतं. पण शेवटचं फूल गळलं की पाठोपाठ कुंडीही बाहेर जाते. "ते आपल्याकडे पुन्हा फुलत नाही" हे ठरलेलं वाक्य. अशीच काहीशी तक्रार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले धनिकही करत होते, आणि तिचं उत्तर समजून घ्यायला आपल्याच देशातल्या खासी टेकड्यांवर जावं लागतं.

त्या काळी जहाजं भरभरून ऑर्किडं इंग्लंडला जात. उष्ण देशातली झाडं, तेव्हा त्यांना भरपूर ऊब, दमटपणा आणि सावली हवी, असं जॉन लिंडली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1830 च्या सुमारास सांगितलं. मग काय, काचघरं बंद करून भट्ट्या पेटल्या, आत वाफ कोंडली. रोपं कुजत गेली. मेलेल्यांच्या जागी जंगलातून नवी येत. कोलंबियात तर उंच फांद्यांवरची ऑर्किडं काढण्यासाठी अख्खी झाडं पाडली गेली.

डेव्हनशायरच्या ड्यूकने 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला आपल्या देशात धाडलं. तो खासी टेकड्यांतून ऑर्किडं गोळा करून 1837 मध्ये परतला. ड्यूकचे मुख्य बागवान जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात खेळती हवा आणि कमी ऊब देऊन पाहिली, तेव्हा रोपं जगू लागली. तरी जुनी सवय सुटायला वेळ लागला. 1850 मध्ये जोसेफ हूकर खासी भागात फिरत होते. तिथे तीन-चार हजार फुटांवर, ओकच्या खुरट्या झाडांवर त्यांना निळी वांदा फुललेली दिसली. भरपूर ऊन, मोकळा वारा, शरदातला कोरडेपणा, हिवाळ्यात कधी दहिवर. आणि हेच रोप मायदेशी लोक उलट्याच पद्धतीने फुलवायला बघतात, याचं त्यांना नवल वाटलं. एवढं अचूक पाहणाऱ्या या माणसाने तिथून सात माणसांचं ओझं होईल इतकी वांदा उपटून नेली. इंग्लंडला त्यातली थोडीच जिवंत पोहोचली.

मी हे वाचलं तेव्हा मला 'रत्नकरंड श्रावकाचार' आठवला. विनाकारण वनस्पती तोडणं आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडात, प्रमादचर्येत घातलं आहे. ही माणसं काही फुलांची वैरी नव्हती, उलट वेडी होती फुलांसाठी. पण ज्या जीवाला घरी आणायचं त्याला काय सोसतं हे पाहण्याचा यत्नाचार नसेल, तर प्रेमातूनही हिंसा होते. एकेंद्रिय जीव ओरडत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे येणारं ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. ते खासीचं नव्हे, फिलिपाईन्स-इंडोनेशियाकडच्या उबदार रानातलं. त्यामुळे दहिवर त्याला चालणार नाही. पण त्यालाही फुलाचा दांडा काढायला थोडा गारवा लागतो. हवा सतत अठ्ठावीस अंशांच्या वर राहिली तर ते नुसती पानं काढत बसतं. म्हणून कार्तिक संपला की कुंडी बैठकीतून उचलून गॅलरीत, सकाळचं कोवळं ऊन येईल अशा जागी ठेवा. पुणे-कोल्हापूरकडच्या मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री त्याला पुरेशा होतात. (मुंबईकर मैत्रिणींना जरा धीर धरावा लागेल.) चार-सहा आठवड्यांत पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावतं. ते मूळ आहे की दांडा हे लगेच कळत नाही. मूळ गोल टोकाचं असतं, दांड्याचं टोक चपटं. जुना दांडा हिरवा असेल तर घाईने बुडातून कापू नका. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापलात तर तिथूनही कधी कधी फांदी फुटते.

पाणी मुळं पाहून द्यायचं. मुळं चंदेरी दिसली की द्या, हिरवी असतील तर थांबा. रोज थोडं थोडं पाणी म्हणजे त्या काचघरातली वाफच.

दुकानातून येणारी कुंडी बहुधा सुक्या शेवाळाने भरलेली असते. ते शेवाळ वाळलेलं असलं तरी सतत ओलं राहून त्यावर नवं हिरवं शेवाळ धरतं, आणि त्याला आपण अनंतकाय मानतो. चातुर्मासात घरात ते वाढू देणं मला पटत नाही. फुलं गळल्यावर मी रोप बाहेर काढते, शेवाळ सोडवते आणि लाकडी कोळशाचे व नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून पुन्हा लावते. त्यात वारा खेळतो, पाणी साचत नाही. सोडण मात्र आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून निथळून घ्या, त्यात खार असतो.