फादर हेरास : परक्या भूमीचा आपला इतिहासकार

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे नाव आपल्या कुटुंबांना परके नाही. परंतु त्याच वास्तूत भारतीय इतिहासाचे एक संशोधनपीठ आहे आणि ते एका स्पॅनिश धर्मगुरूने उभारले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचा जन्म १८८८ साली बार्सेलोना येथे झाला. १९२२ मध्ये ते मुंबईस आले. कोणता इतिहास शिकवणार, असे विचारताच त्यांनी भारताचे नाव घेतले. त्या विषयाचे ज्ञान तेव्हा त्यांना नव्हते. आपण तो शिकून घेऊ, एवढाच त्यांचा निर्धार होता, असे सांगतात. १९२६ मध्ये त्यांनी संशोधनसंस्था स्थापिली आणि १९२७ मध्ये विजयनगरच्या आरवीडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१५६५ च्या तालिकोट येथील पराभवाबरोबर विजयनगरची कथा संपली, अशी सर्वसाधारण समजूत. पुढेही आरवीडू राजांनी पेनुकोंडा व चंद्रगिरी येथून राज्य चालविले, तो काळ हेरासांनी सविस्तर उलगडला. त्यासाठी त्यांनी शिलालेख व ताम्रपट वाचले आणि त्यांच्याशेजारी चंद्रगिरीच्या दरबारी गेलेल्या येशूसंघीयांची पत्रे ठेवली. ताम्रपट राजाची दाने व कीर्ती सांगतो; परदेशी धर्मगुरूचे पत्र दरबारात जे पाहिले ते सांगते. दोहोंची आपापली दृष्टी, आपापला पक्षपात. एकट्या साक्षीदारावर निवाडा करू नये, हा शास्त्रातील दंडक त्यांनी स्वधर्मीयांच्या कागदांनाही लावला.

आयुष्याची पुढील अनेक वर्षे त्यांनी मोहेंजोदडोच्या मुद्रांना वाहिली. त्या लिपीची भाषा द्राविडी आहे, असे मानून त्यांनी शेकडो लेखांचे वाचन सिद्ध केले व १९५३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. विद्वानांनी ते वाचन स्वीकारले नाही. ती लिपी आजही अवाचित आहे. तथापि माशाच्या चिन्हाविषयीचा त्यांचा एक तर्क जिवंत राहिला. तमिळमध्ये ‘मीन’ म्हणजे मासा आणि ताराही. तेव्हा ते चिन्ह ताऱ्याचे असू शकेल. फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी पुढे याच सूत्राचा विस्तार केला.

मग त्या श्रमांचे मोल काय? आम्हांस वाटते, संशोधकाची कसोटी एका निष्कर्षावर लागत नाही. त्याने मागे काय ठेवले, हे पाहावे लागते. हेरासांनी पुस्तके, नाणी, मूर्ती व हस्तलिखिते जमवून ठेवली आणि शिष्य घडविले. कदंब राजवंशाचा इतिहास लिहिणारे जॉर्ज मोराईस त्यांपैकीच. स्वातंत्र्यानंतर भारताचे नागरिकत्व स्वीकारून फादर १९५५ मध्ये मुंबईतच प्रभुचरणी विलीन झाले. १९८१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

परक्या भूमीतील माणूस आपले ताम्रपट वाचावयास शिकला. आपल्या धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या, घरातील खतपत्रे, आजीच्या तोंडची लग्नगीते वाळवीच्या व विस्मृतीच्या हवाली करण्याचा अधिकार मग आपणांस कोणी दिला?