शिक्षा सुनावल्यानंतर

न्यायाधीशाने फाशीची शिक्षा सुनावली की खटल्यावर पडदा पडला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती शिक्षा त्या क्षणी अपुरीच असते. भोपाळच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. मग आरोपीने अपील केलेले असो वा नसो. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम होता, 1973 च्या संहितेत तो टिकला आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही 407 व्या कलमान्वये तो कायम आहे. उच्च न्यायालयाने सर्व पुरावा नव्याने पारखावयाचा, जरूर तर अधिक पुरावा घ्यावयाचा आणि मगच निर्णयावर किमान दोन न्यायमूर्तींनी सही करावयाची, अशी ही रीत आहे.

भोपाळच्या बाबतीत या वाटेला थोडा इतिहास आहे. संस्थानी अमलात जीवन-मरणाचा शेवटचा शब्द गादीचा असे. 1 जून 1949 रोजी संस्थान केंद्र सरकारच्या कारभाराखाली आले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्याच दिवशी नागपूरचे उच्च न्यायालय या राज्याचे म्हणून जबलपूरला गेले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला तेथील पहिले मुख्य न्यायाधीश. पुढे इंदूर व ग्वाल्हेर येथे खंडपीठे झाली, राजधानीत नाही. म्हणून फाशीची शिक्षा झालेल्या माणसाचे कागद भोपाळला येतात ते न्यायालयांचे काम संपल्यावर, दयेच्या अर्जाच्या रूपाने. घटनेच्या 161 व्या कलमाने हा अधिकार राज्यपालांस आणि 72 व्या कलमाने राष्ट्रपतींस दिला आहे. मात्र तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरावयाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले. गादीची मर्जी गेली आणि तिच्या जागी सचिवालयातील फाईल आली.

या साऱ्या प्रवासाचा अर्थ एका प्रश्नातून उलगडतो: कारणे कोणी द्यावयाची? 1955 पर्यंतचा कायदा असा होता की, खुनाबद्दल फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाने ती का दिली नाही हे लिहावे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ही अट गेली. 1973 च्या संहितेने तर पारडे उलटेच केले. फाशी द्यावयाची असेल तर विशेष कारणे नमूद करणे आवश्यक ठरले. 1980 च्या बच्चनसिंग खटल्यात ही शिक्षा विरळात विरळ प्रकरणीच द्यावी, असा दंडक घालण्यात आला.

तरीही वाटेत फटी राहिल्या. भोपाळलगतच्या सिहोर जिल्ह्यातील एका कैद्याची हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचा अपराध भीषण होता. 2011 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये त्याची अपिलाच्या परवानगीची याचिका प्रारंभीच फेटाळली. पुढे राष्ट्रपतींनीही दया नाकारली. 8 ऑगस्ट 2013 हा दिवस जबलपूरच्या कारागृहात फाशीसाठी मुक्रर झाला. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 21 जानेवारी 2014 रोजी पंधरा कैद्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. त्यांत हाही होता. दयेच्या अर्जावरील अकारण विलंब व कैद्याचा मानसिक आजार ही शिक्षा बदलण्यास पुरेशी कारणे होत, असे त्या निकालाने ठरवले. अर्ज फेटाळल्याची सूचना आणि फाशी यांत चौदा दिवसांचे अंतर हवे, हेही त्याच निकालाने घालून दिले. 2018 मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की, फाशीच्या प्रकरणातील अशी याचिका कारणे दिल्यावाचून फेटाळू नये.

खालच्या न्यायालयापासून वरच्या न्यायालयापर्यंत अशा रीतीने कारणांचे बंधन आले. शेवटच्या दाराशी मात्र वेगळाच प्रकार आहे. नव्या संहितेच्या 472 व्या कलमाने दयेच्या अर्जास मुदती घातल्या आहेत: कारागृह अधीक्षकाने अपील फेटाळल्याचे कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज आणि राज्यपालांनी तो नाकारल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे दुसरा. मुदत हवीच, वर्षानुवर्षे दोराखाली बसवून ठेवणे हीही शिक्षाच होय. परंतु राज्यपाल व राष्ट्रपती त्या निर्णयाप्रत कसे आले याची कोणत्याही न्यायालयाने चौकशी करू नये, असेही तेच कलम म्हणते. 2013 साली अशी चौकशी झाली नसती, तर सिहोरचा तो कैदी दुसऱ्या दिवसाची सकाळ ओलांडता ना.

अपराध्याविषयी कोणास कळवळा वाटो वा न वाटो, बळी पडलेल्यांचे दुःख त्याने तिळभरही कमी होत नाही. पण फाशी शासन देते ते तुमच्या-आमच्या नावाने. चूक झालीच, तर ती दुरुस्त करावयास माणूस उरत नाही. म्हणून अखेरच्या सहीमागील कारणे विचारण्याचा हक्क हा कैद्यावर केलेला उपकार नव्हे. ज्यांच्या नावाने ती सही होते, त्या नागरिकांचे ते कर्तव्य आहे.