तबकडीची साक्ष

आजोबांचे खिशातले घड्याळ आमच्या घरी कापडी पिशवीत जपून ठेवलेले होते. आजोबा जी.आय.पी. रेल्वेत फायरमन होते. 'स्वातंत्र्याच्या आधी घेतलेले आणि आतबाहेर मूळचे' असे चाचा सर्वांना सांगत. चुलत बहिणीच्या फीसाठी ते विकायचे ठरले, तेव्हा गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारला, "तबकडी मूळची आहे का?" मी शाळेत मुलांना इतिहासाची साधने शिकवतो, पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तबकडीवर 'वेस्ट एन्ड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता' असे इंग्रजीत छापलेले होते. ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली. फाव्हर-ल्यूबा तर १८६५ मध्येच हिंदुस्थानात आली होती. या कंपन्या स्वित्झर्लंडची घड्याळे इथे विकत. वेस्ट एन्डच्या कित्येक घड्याळांत यंत्र लाँजीनचे आणि तबकडीवर नाव वेस्ट एन्डचे असे. म्हणून आत एक नाव आणि वर दुसरे दिसले, तर तेवढ्यावरून घड्याळ बनावट ठरत नाही. उलट नाव जुळले म्हणून ते अस्सलही ठरत नाही. नाव कोणीही छापू शकतो.

मग पाहायचे काय? आधी काळ पाहावा. जी.आय.पी. रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यानंतर तयार झालेल्या यंत्रावर जी.आय.पी.ची तबकडी असेल, तर ती मागाहून बसवलेली समजावी. लाँजीनसारख्या कंपनीने आपल्या नोंदवह्या जपल्या आहेत. यंत्रावरच्या क्रमांकावरून त्यांत घड्याळाचे वय सापडू शकते.

दुसरी गोष्ट कारागिरीची. मीनाच्या तबकडीत तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून ती सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजतात. आकडेही रंगवून भाजलेले असतात, म्हणून भिंगाखाली ते मीन्यात मुरलेले दिसतात. नंतर रंगवलेले आकडे पृष्ठभागावर नुसते बसलेले असतात. अक्षरे जाड होतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येत नाहीत. रेडियमच्या जुन्या आकड्यांची चमक आता बहुधा विझलेली असते. ते अंधारात लखलखत असतील, तर नवा रंग दिलेला आहे असे समजावे. मात्र असा रंग कधी खरवडू नये. चमक गेली तरी रेडियमचा धोका जात नाही.

सर्वांत खरी साक्ष मात्र पाठीमागे असते. तबकडीला मागून तांब्याचे बारीक पाय असतात. ते यंत्राच्या छिद्रांत बसतात आणि कडेच्या स्क्रूने किंवा पिनेने धरले जातात. दुसऱ्या घड्याळाची तबकडी बसवायची, तर पाय जुळत नाहीत. मग ते कापतात आणि तबकडी चिकटवतात.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी आमच्यासमोर तबकडी उचलली. यंत्रात तीन छिद्रे होती. तबकडीला दोनच पाय, तेही कानशीने घासलेले. भोवती वाळलेला डिंक होता. सेकंदाचा काटाही आपल्या लहान वर्तुळाच्या मधोमध नव्हता.

चाचांचा चेहरा उतरला. "म्हणजे अब्बांनी खोटे घड्याळ बाळगले?"

मी म्हणालो, "नाही चाचा. यंत्र जुनेच आहे. मीन्याची तबकडी पडली की तडकते. कोणीतरी दुसरी बसवली, एवढेच हे घड्याळ सांगते. कोणी आणि केव्हा, ते सांगत नाही. अब्बांची मालकी यातून खोटी ठरत नाही. खोटे आहे ते आपले 'आतबाहेर मूळचे' हे वाक्य."

चाचा बराच वेळ गप्प होते. आम्ही बोललो नसतो, तर गिऱ्हाइकाला कळलेही नसते आणि फीची सगळी रक्कम हाती आली असती. घरात पैशांची निकड होती. शेवटी त्यांनीच कागद मागितला आणि उर्दूत व मराठीत लिहिले, 'यंत्र जुने, तबकडी नंतरची.' खाली सही केली.

घड्याळ कमी किमतीत गेले. फीची उरलेली रक्कम घरातल्या चौघांनी मिळून भरली. तो कागद घड्याळासोबत गेला. पुढे ते ज्याच्या हाती जाईल, त्याला आमच्या घराण्याची एवढी साक्ष तरी खरी मिळेल.