विद्यापीठाची पंगत

विद्यापीठांचा इतिहास लिहितांना कुलगुरु, ग्रंथालयें व प्रयोगशाळा यांची नोंद सारेच करितात. परंतु तेथील गुरुजन कोठें व कोणाबरोबर जेवत होते, हें पाहण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पंक्तिभेदानें ज्या समाजांत घरेंच्या घरें दुभंगलीं, त्या समाजांतील वाचकांस एका पंगतीस बसणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें हा प्रश्न शतकानुशतकें उद्भवलाच नाहीं. तेथील कॉलेजांचें जीवन मठासारखें होतें. ‘फेलो’ म्हणविला जाणारा अध्यापक बहुधा अविवाहित असावयाचा, कॉलेजांतच राहावयाचा, आणि सायंकाळीं भोजनगृहांत उंचावर मांडलेल्या मेजाशीं बसावयाचा. भोजनोत्तर गप्पागोष्टींसाठीं ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजानें १६६१ सालीं स्वतंत्र खोली राखून ठेविली. पुढें १८७७ च्या कायद्यास अनुसरून नवे नियम झाले, फेलोंस विवाहाची मोकळीक मिळत गेली, आणि पुष्कळांचें जेवण घरीं गेलें. तरी तें मेज मात्र राहिलें.

अमेरिकेंतील सरकारी विद्यापीठांस असा वारसा नव्हता. १८६८ सालीं स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यापक आपआपल्या बिऱ्हाडीं राहणारे. व्याख्यान संपलें कीं ज्यानें त्यानें घरची वाट धरावी, अशा स्थितींत ग्रीक शिकविणाऱ्याची व रसायन शिकविणाऱ्याची गांठ पडावी कशी? वारशानें जें मिळालें नाहीं, तें हेतुपुरस्सर निर्माण करावें लागलें. १९०२ सालीं बर्कले येथें ‘फॅकल्टी क्लब’ उभा राहिला. बर्नार्ड मेबेक या वास्तुकारानें त्याचें दालन आंखलें. उंच लाकडी छत व भव्य शेकोटी असलेलें तें दालन पाहतांच जुन्या इंग्रजी भोजनगृहाची आठवण व्हावी.

परंतु त्या शेकोटीची ऊब पुरुषांपुरतीच होती. त्याच विद्यापीठांत शिकविणाऱ्या स्त्रियांस तेथें सभासदत्व नव्हतें. तेव्हां स्त्रीविभागाच्या प्रमुख ल्यूसी स्टेबिन्स यांच्या पुढाकारानें १९१९ सालीं स्त्रियांनीं आपला निराळा क्लब स्थापिला, आणि १९२३ सालीं जॉन गेलन हॉवर्ड यांनीं आंखलेली त्याची स्वतःची वास्तु उभी राहिली. ज्यांस पंगतींत पान मिळालें नाहीं, त्यांनीं रुसून न बसतां दुसरी पंगत मांडली! इंग्लंडांत व्हर्जिनिया वुल्फ यांनीं १९२९ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दोन भोजनें शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. पुरुषांच्या कॉलेजांत मासे, तित्तिर व मद्य. स्त्रियांच्या कॉलेजांत साधें मांस, बटाटे, आलुबुखार व कस्टर्ड. विद्येच्या वांटणींतील विषमता ताटांत इतकी स्पष्ट क्वचितच कोणीं दाखविली असेल.

खुद्द केंब्रिजचेंही मेज सर्वांस पुरलें नाहीं. विसाव्या शतकांत शास्त्रविभाग वाढले आणि विद्यापीठाचे पगारी अध्यापक असूनही कोणत्याच कॉलेजाचे फेलो नाहींत, असे पुष्कळ लोक झाले. १९६२ सालच्या ब्रिजेस समितीच्या अहवालानें या उणिवेकडे लक्ष वेधलें. आणि वुल्फसन प्रतिष्ठानाच्या देणगींतून केंब्रिजच्या नदीकांठीं उभारलेलें ‘युनिव्हर्सिटी सेंटर’ १९६७ सालीं उघडलें. ज्या गांवीं शेंकडों वर्षें मेजें मांडलेलीं होतीं, तेथेंही निराळें भोजनगृह बांधावें लागलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रस्तुत लेखकाच्या कॉलेजांत अध्यापकांची एक खोली होती. चहाच्या पेल्यावर तेथें आम्हीं समतेविषयीं पुष्कळ वाद घातले. आमचे वृद्ध हेडक्लार्क कागदांवर सह्या घेण्यास तेथें नित्य येत, ते सेवानिवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशीं त्यांस आग्रहानें खुर्ची दिली, तेव्हां ते म्हणाले, “या खोलींत मी आज प्रथमच बसतों आहें.” इतक्या वर्षांत ती खुर्ची पुढें करण्यास आम्हांस कोणत्या नियमानें अडविलें होतें? कोणत्याच नाहीं.

म्हणून विद्यापीठानें आपल्या माणसांसाठीं भोजनगृह बांधावें, अवश्य बांधावें. एकत्र बसल्यावांचून एकत्र विचार होत नाहीं. मात्र पानें मांडण्यापूर्वीं दाराशीं कोण उभें राहिलें आहे, तेवढें एकदां पाहून यावें.